घरगुती बिनतारी जाल : बारामती व इंदापूर तालुके

घरातील संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच इ. अनेक उपकरणांना एकाच बाह्य जोडणीवरून, घरात तारा न ओढता, आंतरजालाशी (इंटरनेटशी) जोडणाऱ्या व्यवस्थेस घरगुती बिनतारी जाल असे म्हणतात. या व्यवस्थेतील मध्यवर्ती उपकरण म्हणजे मार्गनिर्धारक होय. व्यवहारात ते ‘राउटर’ याच नावाने ओळखले जाते आणि त्याच्या बिनतारी सेवेस ‘वायफाय’ म्हणतात. राउटर हे एकाच वेळी रेडिओ प्रेषक आणि रेडिओ ग्राही असते. ज्या घरात ते चालू असते, त्या घरात तांत्रिक दृष्ट्या एक लहानसे बिनतारी केंद्रच चालू असते.

भारतात बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास दीर्घकाळ शासनाचा परवाना लागत असे. २००५ मध्ये ठराविक कंप्रतांच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांच्या) अल्पशक्तिक यंत्रांना या परवान्यातून सूट मिळाली आणि वायफायचा प्रसार सुलभ झाला. परंतु परवान्याबरोबर शासनाने आपल्याकडे ठेवलेली देखरेखही घरापुरती संपली आणि ते काम घरमालकाकडे आले. पुणे जिल्ह्याच्या पूर्व व आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या परिसरात बिनतारी संदेशवहनाचे जुने व नवे असे दोन्ही टप्पे पाहावयास मिळतात. त्यामुळे हे स्थित्यंतर तेथील संदर्भात विशेष स्पष्ट होते.

प्रदेश : दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. बारामती तालुक्याच्या दक्षिणेकडून नीरा नदी वाहते. इंदापूर तालुक्यास उत्तरेकडून व पूर्वेकडून भीमा आणि दक्षिणेकडून नीरा यांनी वेढले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा सुरू झाल्यावर कालव्याखालील पट्ट्यात ऊसशेती वाढली. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर व वालचंदनगर ही ठिकाणे साखर कारखान्यांमुळे प्रसिद्धीस आली. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयामुळे इंदापूर तालुक्याच्या उत्तर भागातही बागायत पसरली. याउलट सुपे व मोरगाव यांच्या आसपासचा भाग मुख्यतः जिरायत राहिला.

बागायतीचा वस्तीच्या रचनेवर मोठा परिणाम झाला. पाण्याची पाळी, जनावरे व पीक यांची देखभाल करण्यासाठी अनेक कुटुंबे गावठाण सोडून शेतातील वस्त्यांवर राहू लागली. यामुळे एकाच गावातील घरे गावठाणापासून एक ते तीन-चार किमी. अंतरापर्यंत विखुरलेली आढळतात. वीज, नळ, दूरध्वनी यांसारख्या तारेने वा नळीने पोहोचणाऱ्या सेवा गावठाणात लवकर आणि वस्तीवर उशिरा पोहोचतात. आंतरजालही याला अपवाद ठरले नाही. या भागात बिनतारी साधनाला जे महत्त्व आले, त्याचे मूळ या विखुरलेल्या वस्तीत आहे.

परवान्याचा काळ : १८८५ च्या भारतीय तार अधिनियमानुसार तारायंत्रे उभारणे व चालविणे हा केंद्र शासनाचा अनन्य अधिकार ठरला. त्यानंतरच्या १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही अपराध ठरविला. या दुसऱ्या कायद्यापूर्वीच पुणे जिल्हा आंतरराष्ट्रीय बिनतारी संदेशवहनाच्या नकाशावर आला होता. इंग्लंड व भारत यांच्यामधील लघुतरंग शलाका सेवा १९२७ मध्ये सुरू झाली. या सेवेचे भारतातील प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्राही केंद्र दौंड येथे होते. इंग्लंडमधील ग्रिम्झबी केंद्राकडून निघालेले तरंग दौंडला ग्रहण केले जात आणि तेथून संदेश तारेने मुंबईस पाठविले जात. दौंड तालुका बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांना लागून आहे. बारामतीस जाणारा लोहमार्गही दौंडहूनच फुटतो.

दौंडचे केंद्र हे विस्तीर्ण जागा, उंच मनोरे, शक्तिशाली यंत्रे व प्रशिक्षित कर्मचारी यांवर चालणारे मोठे प्रतिष्ठान होते. सामान्य माणसाचा बिनतारी यंत्राशी संबंध आला तो रेडिओ संचामुळे आणि तोही केवळ श्रोता म्हणून. रेडिओ संच घरात ठेवण्यासाठी टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. खेड्यापाड्यांतील संचांनाही हा नियम लागू होता. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद झाली. प्रेषक यंत्र मात्र सर्वसामान्य कुटुंबाच्या कक्षेबाहेरच राहिले. पोलीस, रेल्वे, सैन्य इ. शासकीय विभाग आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविणारे हौशी बिनतारी चालक एवढ्यांपुरताच त्याचा वापर मर्यादित होता.

दूरध्वनीच्या बाबतीतही अशीच स्थिती होती. यंत्र, तार व केंद्र ही तिन्ही दूरसंचार खात्याच्या मालकीची असत. बिघाड झाल्यास खात्याचा कर्मचारी येऊन दुरुस्ती करी. ग्राहकाने यंत्र उघडणे अथवा त्यात बदल करणे अपेक्षित नव्हते. सेवा मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे; मात्र ती मिळाल्यावर तिच्या तांत्रिक बाजूची चिंता ग्राहकाला नसे.

आंतरजालाचा प्रवेश : भारताची परदेशांशी होणारी संदेशवहन सेवा १९४७ मध्ये शासनाने आपल्या ताब्यात घेतली. पुढे याच विभागाने जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह संदेशवहनाचे भूकेंद्र उभारले. ते १९७२ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले. १९८६ मध्ये या विभागाचे ‘विदेश संचार निगम’ या कंपनीत रूपांतर झाले आणि या कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजालाची सार्वजनिक सेवा सुरू केली. खडकी-दौंडच्या शलाका सेवेपासून आंतरजालापर्यंतची ही परंपरा अशा रीतीने एकाच प्रशासकीय वंशावळीत येते.

प्रारंभीची सेवा मोठ्या शहरांपुरती होती. संगणकाला मोडेम जोडून दूरध्वनी क्रमांक फिरविल्यावर जोडणी मिळे आणि ती चालू असेपर्यंत दूरध्वनी अडकून पडे. ग्रामीण भागासाठी सामाईक केंद्रांचा मार्ग चोखाळण्यात आला. वारणानगर येथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सु. ७० गावे संगणक केंद्रांनी जोडण्याची योजना होती. ऊसनोंद, तोडणी व देयके यांची माहिती सभासदांना गावातच मिळावी, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. काही वर्षांनी त्यांपैकी काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी हीच माहिती देण्याचा प्रयोग करण्यात आला. केंद्रावर येणाऱ्या सभासदाची गरज थोडक्या माहितीची होती आणि ती साध्या, स्वस्त उपकरणाने भागते, असे त्यातून दिसून आले.

बारामती येथे कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्याने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रश्नोत्तरांची आंतरजाल सेवा सुरू केली. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न विचारावा आणि केंद्रातील तज्ञांनी त्याचे उत्तर द्यावे, असे तिचे स्वरूप होते. विद्या प्रतिष्ठान या संस्थेच्या माहिती तंत्रज्ञान शिक्षणामुळेही बारामतीत संगणकाचा परिचय लवकर झाला. परंतु या टप्प्यावर आंतरजाल ही घरातील वस्तू नसून शाळा, संस्था वा केंद्र येथे जाऊन वापरावयाची सोय होती.

शासनाचे रुंदपट्ट (ब्रॉडबँड) धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झाले. सतत चालू असणारी व दर सेकंदास किमान २५६ किलोबिट वेग देणारी जोडणी, अशी रुंदपट्ट सेवेची व्याख्या त्यात करण्यात आली. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून ही सेवा देण्यास सुरुवात केली. एकाच तारेवर बोलणे व आंतरजाल ही दोन्ही एकाच वेळी चालू लागली. मात्र या पद्धतीत दूरध्वनी केंद्रापासूनचे अंतर वाढते तसा वेग घटतो आणि चार-पाच किमी.पलीकडे सेवा देणे कठीण होते. त्यामुळे बारामती शहर, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर यांसारख्या ठिकाणी केंद्राजवळ राहणाऱ्यास जो लाभ मिळू शके, तो दूरच्या वस्तीवरील घरास मिळणे शक्य नव्हते. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी कमी मिळावे, तसाच हा प्रकार होता.

परवानामुक्त कंप्रता : घरातील बिनतारी जालाचा पाया अमेरिकेत १९८५ मध्ये घातला गेला. तेथील नियामक आयोगाने औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखून ठेवलेले काही कंप्रतापट्ट परवान्याशिवाय संदेशवहनास खुले केले. सूक्ष्मतरंग भट्टीसारखी उपकरणे या पट्टांत गोंगाट निर्माण करीत असल्यामुळे ते पट्ट इतर सेवांना फारसे उपयुक्त नव्हते. या गोंगाटातही टिकेल अशी प्रेषण पद्धती शोधण्याकडे नंतर लक्ष वळले. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन यांनी १९७१ मध्ये कार्यान्वित केलेले बिनतारी संगणक जाल हे यापूर्वीचे मार्गदर्शक उदाहरण होते. १९९७ मध्ये बिनतारी जालाचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याचा कमाल वेग दर सेकंदास २ मेगाबिट होता. १९९९ च्या सुधारित मानकाने तो ११ मेगाबिटांवर नेला आणि त्याच सुमारास ‘वायफाय’ हे नाव प्रचारात आले.

घराच्या आत रेडिओ तरंग वापरण्यात एक मूलभूत अडचण होती. भिंती, कपाटे व जमीन यांवरून परावर्तित झालेले तरंग वेगवेगळ्या वेळी ग्राहीपाशी पोहोचतात आणि एकमेकांत मिसळून संदेश दूषित करतात. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत जॉन ओसलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर १९९० नंतर महत्त्वाचे काम केले. ओसलिव्हन हे मूळचे रेडिओ ज्योतिषशास्त्रज्ञ. खगोलीय रेडिओ संकेत शोधताना वापरलेल्या गणिती पद्धतींचा उपयोग त्यांना येथे झाला. एक वेगवान प्रवाह पाठविण्याऐवजी तो अनेक मंद प्रवाहांत विभागून निरनिराळ्या उपकंप्रतांवर पाठविल्यास प्रतिध्वनींचा त्रास कमी होतो, हे तत्त्व पुढील मानकांत रूढ झाले.

भारतात २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २,४०० ते २,४८३·५ मेगाहर्ट्‌झ या पट्टातील अल्पशक्तिक यंत्रांना परवान्यातून सूट देण्यात आली. प्रेषकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॉट आणि आकाशकाच्या (अँटेनाच्या) दिशिक लाभासह परिणामी प्रारित शक्ती ४ वॉट अशी मर्यादा घालण्यात आली. ५ गिगाहर्ट्‌झजवळील काही पट्टांनाही त्याच वर्षी इमारतीच्या आतील वापरापुरती सूट मिळाली. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या पट्टांची व्याप्ती वाढवून बाहेरील वापरासही मुभा दिली. १८८५ व १९३३ या दोन्ही वर्षांच्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार अधिनियम संमत झाला.

या सवलतीस एक अट निगडित होती. परवानामुक्त यंत्राने इतरांच्या सेवेत व्यत्यय आणता कामा नये आणि शेजारच्या तशाच यंत्राने व्यत्यय आणल्यास त्याविरुद्ध संरक्षण मागता येत नाही. म्हणजे हा पट्ट कोणाच्याही मालकीचा नसून सर्वांच्या सामाईक वापराचा आहे. त्यात आपले यंत्र कसे चालवावे, हे प्रत्येक घराला ठरवावे लागते.

रचना व कार्य : राउटरची दोन अंगे असतात. बाहेरील अंग सेवा पुरविणाऱ्या संस्थेकडून आलेल्या जोडणीस जुळलेले असते. ही जोडणी तांब्याची तार, प्रकाशीय तंतू (फायबर) किंवा भ्रमणध्वनीचे जाल यांपैकी कोणतीही असू शकते. तंतूची जोडणी असल्यास प्रकाशाच्या स्पंदांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे उपकरण आधी असते. ते स्वतंत्र पेटीत अथवा राउटरच्याच पेटीत बसविलेले आढळते. आतील अंगास घरातील उपकरणे तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जोडली जातात. माहिती लहान लहान पुडक्यांत (पॅकेटांत) विभागून जाते. कोणते पुडके घरात ठेवावयाचे, कोणते बाहेर पाठवावयाचे व बाहेरून आलेले कोणत्या उपकरणाला द्यावयाचे, याचा निर्णय राउटर करतो.

आंतरजालावरील प्रत्येक उपकरणास एक अंकात्मक पत्ता लागतो. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या पद्धतीत असे सु. ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत. ते अपुरे पडणार हे ध्यानात आल्यावर १९९० नंतरच्या दशकात एक तोडगा काढण्यात आला. घरात वापरण्यासाठी काही पत्ते राखून ठेवण्यात आले. ‘१९२.१६८’ या अंकांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. असे पत्ते जगातील असंख्य घरांत एकाच वेळी वापरले जातात, कारण ते घराबाहेर जात नाहीत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर राउटर आतील पत्त्याऐवजी आपला बाह्य पत्ता घालतो. यामुळे घरातील दहा उपकरणेही बाहेरच्या जगास एकच दिसतात. या पद्धतीचा एक परिणाम विशेष महत्त्वाचा आहे : घराच्या जालात कोणीही शिरून काहीही केले, तरी त्याचा माग काढणारा प्रथम त्या घराच्या जोडणीपाशीच येऊन थांबतो.

मांडणी : २·४ गिगाहर्ट्‌झ पट्टातील तरंगांची लांबी सु. १२·५ सेंमी., तर ५ गिगाहर्ट्‌झजवळील तरंगांची सु. ५ ते ६ सेंमी. असते. पहिल्या पट्टातील तरंग भिंतीतून अधिक सुलभपणे पार होतात व दूरवर पोहोचतात. दुसऱ्या पट्टात वेग अधिक मिळतो, पण पल्ला कमी असतो. घराच्या बांधणीचा यावर मोठा प्रभाव पडतो. जुन्या दगडी वाड्याच्या जाड भिंती व सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्या तरंग क्षीण करतात. पत्र्याच्या छपरावरून व पत्र्याच्या भिंतीवरून ते परावर्तित होतात. पाणी हे या तरंगांचे चांगले शोषक आहे. म्हणून पाण्याच्या टाकीच्या आड ठेवलेल्या राउटरचा उपयोग कमी होतो. घर व गोठा किंवा दोन भावांची घरे यांच्यामध्ये उभा ऊस असेल, तर ओल्या पानांच्या दाटीमुळे तरंगांची शक्ती घटते. तोडणीनंतर चांगली चालणारी जोडणी पीक वाढल्यावर मंदावण्याचे हे एक कारण होय. अशा ठिकाणी आकाशक पिकाच्या उंचीच्या वर, दोन्ही टोके एकमेकांस दिसतील अशा रीतीने बसवितात किंवा मधले अंतर तारेनेच जोडतात.

राउटर घराच्या मध्यभागी, जमिनीपासून दीड ते दोन मी. उंचीवर, मोकळ्या जागी ठेवणे योग्य असते. बाहेरची तार जेथून घरात शिरते त्याच कोपऱ्यात तो बसविण्याची पद्धत सोयीची असली, तरी त्यामुळे त्याच्या प्रारणाचा बराच भाग अंगणात जातो. वीजपुरवठा हाही विचारात घेण्याचा भाग आहे. घरगुती राउटर बहुधा १२ व्होल्ट एकदिश दाबावर चालतो व त्यास थोडीच शक्ती लागते. त्यामुळे लहान संचायक घटमालेवर (बॅटरीवर) तो वीज खंडित असतानाही काही तास चालू ठेवता येतो. मात्र जोडणी पुरविणारे मधले उपकरण वा मनोरा वीज गेल्यामुळे बंद असल्यास घरातील घटमालेचा उपयोग होत नाही.

जुळवणी : राउटरची जुळवणी त्याला जोडलेल्या संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून करतात. न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) राउटरचा आतील पत्ता लिहिला म्हणजे त्याचे नियंत्रण पृष्ठ उघडते. हा पत्ता व प्रवेशाचा प्रारंभिक शब्द बहुधा पेटीच्या तळाशी छापलेला असतो. जुळवणीची प्रमुख अंगे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले अंग बाह्य जोडणीचे. सेवा पुरविणाऱ्या संस्थेने दिलेले ग्राहकनाम व परवलीचा शब्द येथे भरावे लागतात. काही सेवांत ही माहिती आपोआप भरली जाते. दुसरे अंग आतील पत्त्यांचे. घरातील प्रत्येक उपकरणास पत्ता देण्याचे काम राउटर स्वतः करतो. घरात दुसरा राउटर जोडल्यास दोघांपैकी एकानेच हे काम करावे, अन्यथा गोंधळ होतो. तिसरे अंग बिनतारी जालाचे नाव. या नावात कुटुंबाचे आडनाव, घरक्रमांक वा दूरध्वनी क्रमांक घालणे टाळावे, कारण ते आसपासच्या सर्वांना दिसते. चौथे अंग चॅनेलचे, म्हणजे उपकंप्रतामार्गाचे. २·४ गिगाहर्ट्‌झ पट्टात तेरा चॅनेल असले, तरी ते एकमेकांवर आच्छादतात. परस्परांपासून अलग असे तीनच चॅनेल (१, ६ व ११) मिळतात. बारामती शहरासारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांहून वेगळा चॅनेल निवडल्यास दोघांचाही लाभ होतो. एकाकी वस्तीवर हा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही.

पाचवे व सर्वांत महत्त्वाचे अंग सुरक्षिततेचे. बिनतारी संदेश घराच्या भिंतीपाशी थांबत नाही. म्हणून तो सांकेतिक रूपात पाठवावा लागतो. १९९७ च्या मूळ मानकातील सांकेतिकीकरण दुबळे असल्याचे २००१ मध्ये सिद्ध झाले. त्याच्या जागी २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’, २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ व २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ या पद्धती आल्या. शेवटच्या दोहोंपैकी एक निवडणे इष्ट असते. परवलीचा शब्द लांब व सहज तर्क करता न येणारा असावा. नियंत्रण पृष्ठाचा शब्द आणि बिनतारी जालाचा शब्द या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरा बदलून पहिला कारखान्यातून आला तसाच ठेवणे ही वारंवार घडणारी चूक होय. असे घर दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवणाऱ्या घरासारखे असते. यांखेरीज बाहेरून नियंत्रण करण्याची सोय बंद ठेवणे, पाहुण्यांसाठी वेगळे जाल ठेवणे व राउटरची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करणे या गोष्टीही आवश्यक ठरतात.

जबाबदारी : परवाना गेल्यानंतर घरावर कोणता भार आला, हे महाराष्ट्रातच २००८ मध्ये स्पष्ट झाले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बाँबस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना पाठविलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. त्या घरातील बिनतारी जालाचा तिऱ्हाइतांनी उपयोग केला होता. तरीही तपासाचे पहिले पाऊल त्या घरातच पडले आणि रहिवाशाला चौकशीस सामोरे जावे लागले. नंतरच्या काही आठवड्यांत मुंबईतील इतर असुरक्षित जालांचाही असाच दुरुपयोग झाला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघड्या बिनतारी जालांची तपासणी करण्याची मोहीम घेतली. २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने वायफाय सेवेच्या सुरक्षिततेविषयी सेवा पुरविणाऱ्या संस्थांना सूचना दिल्या.

या घटनेत तांत्रिक गुंतागुंत फारशी नव्हती. राउटर व्यवस्थित चालू होता. तो ज्याने बसविला त्याचे काम जोडणी सुरू झाल्यावर संपले होते आणि ज्याच्या घरात तो होता त्याला आणखी काही करावयाचे आहे, याची कल्पना नव्हती. दूरध्वनीच्या काळातील सवय येथे कारणीभूत झाली. यंत्राची काळजी खाते घेते, ही समजूत यंत्र घराच्या ताब्यात आल्यावरही टिकून राहिली. दौंडच्या केंद्रात प्रशिक्षित कर्मचारी होता. घरातील केंद्रास तसा कर्मचारी नसतो आणि ते काम घरातीलच कोणी करावे लागते.

अलीकडील स्थिती : ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता मिळाली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि महाराष्ट्रातील तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने राज्य शासनाने हाती घेतले. तथापि ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आलेला तंतू व वस्तीवरील घर यांच्यामधील अंतर योजनेने आपोआप भरून निघाले नाही. ते अंतर स्थानिक केबल व्यावसायिक, भारत संचार निगमाच्या तंतुसेवा आणि खाजगी कंपन्या यांच्याकडे राहिले. २०१६ नंतर चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनी सेवा स्वस्त झाल्यामुळे अनेक घरांत राउटरच्या आधी भ्रमणध्वनी हेच आंतरजालाचे पहिले साधन ठरले.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० पासून ऑनलाइन अभ्यासमाला सुरू केली. घरात एकच भ्रमणध्वनी, तोही वडिलांबरोबर शेतात किंवा कारखान्यावर, अशा घरातील मुलांना तिचा लाभ घेणे कठीण होते. एका जोडणीवर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, ही राउटरची मूळ उपयुक्तता या काळात ग्रामीण महाराष्ट्रास प्रथमच तीव्रतेने जाणवली. २०२३ पासून पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनी जालावरून घराच्या छतावरील आकाशकाद्वारे रुंदपट्ट सेवा देण्यास सुरुवात झाली. तार न ओढता जोडणी मिळत असल्यामुळे विखुरलेल्या वस्त्यांच्या दृष्टीने हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. बारामती येथील कृषि विकास संस्थेने (अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने) ऊसशेतीत संवेदक व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा वापर करण्याचा प्रकल्प हाती घेतल्यामुळे जालाची गरज घरापुरती न राहता शेतापर्यंत जाऊन पोहोचली आहे.

जोडणी पोहोचविणे व जोडणी चालविणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली शासन व कंपन्या यांच्या भांडवलाने साध्य होते, तर दुसरी घरातील माणसाच्या ज्ञानावर अवलंबून असते. जुळवणीची पृष्ठे व माहितीपत्रके प्रायः इंग्रजीत असल्यामुळे हे काम बहुधा बसविणाऱ्या तंत्रज्ञावर किंवा घरातील शिकलेल्या मुलामुलींवर सोपविले जाते. तंत्रज्ञाने ठरविलेला परवलीचा शब्द कोणता, नियंत्रण पृष्ठ कोणाच्या हाती आहे व जोडणी कोणाच्या नावावर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरास ठाऊक असतात, तेच घर आपल्या बिनतारी केंद्राचे खऱ्या अर्थाने मालक ठरते. परवान्याच्या काळात हे ज्ञान शासनाच्या मोजक्या कर्मचाऱ्यांपुरते होते. परवानामुक्त काळात ते मराठीतून प्रत्येक घरापर्यंत पोहोचविणे, हे शाळा, ग्रंथालये व ग्रामपंचायती यांच्यापुढील काम आहे.